भास्करचं पान

आमच्या फ्रिजच्या दारावर सध्या आहाराचे दोन कागद चिकटवलेले आहेत. डावीकडचा माझा आणि उजवीकडचा आमच्या कुत्र्याचा. दोन्हींवरचं अक्षर डॉक्टरी, दोन्हींच्या शेवटी 'काटेकोर पाळणे' असा शेरा आणि त्याच्याखाली दोन रेघा. फरक इतकाच, की कुत्र्याच्या कागदाकडे घरातलं प्रत्येक माणूस जाता-येता आदराने बघतं. माझ्या कागदाच्या मोकळ्या जागेत हिने दुधाचा हिशेब मांडलेला आहे.

कुत्र्याचं नाव ऑस्कर. हे कन्यारत्नाने ठेवलेलं. जातीने तो अस्सल गावठी. एका पावसाळ्यात कुणाच्या तरी स्कूटरखाली कुडकुडत बसलेला तिला सापडला आणि ओढणीत गुंडाळून घरी आला. 'ऑस्कर' हा शब्द आमच्या आईच्या तोंडात काही बसेना. (वय ८६, स्वतःचे दात पाच.) दोन दिवस ती त्याला 'अरे ए' म्हणाली, तिसऱ्या दिवशी 'भास्कर' म्हणाली आणि तो शेपटी हलवत तिच्याकडे गेला. तेव्हापासून भास्कर. दुसऱ्या मजल्यावर खरेच एक भास्करराव राहतात. "भास्कर, पाय पुसल्याशिवाय आत येशील तर बघ!" असा आवाज आमच्या दारातून आला, तेव्हा जिन्यातून वर चाललेल्या त्या सज्जन गृहस्थांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, असं हिचं म्हणणं.

भास्करसाठी कन्येने एक मोठी पिशवी आणली. तीत करड्या रंगाच्या कोरड्या गोळ्या. आईने चष्मा लावून एक गोळी हातात घेतली, हुंगली, परत ठेवली.

"हे जेवण?"

"आजी, यात सगळं असतं. प्रोटीन, कॅल्शियम, सगळं."

"असेल. पण ह्याला कुणी 'आणखी वाढू का' असं विचारत नाही ना!"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण तो टोमणा नुसता गोळ्यांना नव्हता. या बाईने साठ वर्षं एका मोठ्या घराला वाढलं. पंगतीत कुणाच्या पानातली कुठली वाटी रिकामी झाली, हे तिला पाठ वळवलेली असतानाही समजायचं. आता मला साखर, हिला रक्तदाब. कन्या तर रात्री आठ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा काहीच खात नाही. आमच्या घरातला हा नवा उपास, याला देव नाही आणि उद्यापनही नाही. आईने कुणाला काही पुढे केलं, की समोरचा तळहात आडवा येतो. "नको", "आता नको", "डॉक्टरांनी नको म्हटलंय". घरात एकटा भास्कर असा, की ज्याने आजवर तिच्या हाताला 'नको' म्हटलेलं नाही. तो तिच्या खुर्चीशी बसायचा, ती पदराआडून काहीतरी द्यायची आणि दोघंही आमच्याकडे निष्पाप चेहऱ्याने बघायची. आमटीत बुडवलेली पोळी, भाजीतला बटाटा, थालीपिठाचा कडक काठ. आम्हाला दिसत होतं. आम्ही बघत नव्हतो.

मग श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण आला.

सव्वाच्या मापाचा शिरा, वर केळी, साजूक तूप, आणि खजिनदारांच्या मेहुण्याने तासगावहून पाठवलेले बेदाणे. हे बेदाणे फुकट असल्यामुळे शिऱ्यात रव्याच्या बरोबरीने होते. आई खाली उतरू शकत नाही, म्हणून तिचा द्रोण वर आला. तासाभराने कन्या वर आली तो द्रोण जमिनीवर, आणि भास्कर तो द्रोण आहे की नुसती पानं, याची जिभेने खात्री करून घेत होता.

"आजी, यात बेदाणे होते?"

"होते की! मला कुठले चावतायत? मी सगळे वेचून त्यालाच दिले." मग जरा अभिमानाने, "प्रसादाला नाही म्हणू नये. ती कलावती प्रसाद न घेता पळाली, तर नवऱ्यासकट नाव गडप झाली."

कन्येचा चेहरा पांढरा पडला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे लागू शकतात, हे तिला माहीत होतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. रात्री नऊ वाजता आम्ही तिघं रिक्षात. रिक्षावाला आधी कुत्रा घ्यायला तयार नव्हता. "काय झालंय त्याला?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "प्रसाद बाधला." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "प्रसाद बाधत नसतो, साहेब." पण रिक्षा मात्र त्याने जोरात हाणली.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" आणि दुसरा, "किती खाल्ले?" पहिल्याचं उत्तर 'सव्वा तास' होतं, म्हणून ते खूश झाले. दुसऱ्याचं उत्तर 'सगळे' होतं, म्हणून ते गप्प झाले. त्यांनी सुई टोचून भास्करला ओकायला लावलं. मग सलाईन. मग रक्ताच्या तपासण्या, दोन दिवस. या बेदाण्यांचं विचित्र असं, की एखादा कुत्रा मूठभर खाऊन खुशाल झोपतो आणि एखाद्याची थोड्याशानेच मूत्रपिंडं बंद पडतात. आपला कुत्रा यातला कोणता, हे आधी ओळखता येत नाही, म्हणून डॉक्टर जुगार खेळत नाहीत. हे असं का होतं, तेही कित्येक वर्षं उमगत नव्हतं. २०२१पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते द्राक्षांत असतं, आणि चिंचेतही भरपूर असतं.

चिंच म्हटल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या घरात आमटी चिंच-गुळाची होते आणि भास्कर वर्षभर तिच्यात बुडवलेली पोळी खात होता. डॉक्टरांना ते सांगितलं, तेव्हा त्यांनी आमच्याकडे जी नजर टाकली ती शाळेत इन्स्पेक्टर टाकायचे.

भास्कर वाचला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी जिना चढला. आणि त्याच्याबरोबर तो उजवीकडचा कागद आला.

तो कागद मी आईला वाचून दाखवला. कांदा-लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, बंद. त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट बंद, त्यातलं थिओब्रोमिन आपलं शरीर भराभर निकालात काढतं, कुत्र्याचं रेंगाळत काढतं आणि तोवर त्याचं काळीज धडधडत सुटतं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या च्युइंगगमच्या गोळ्या तर सगळ्यांत वाईट, रक्तातली साखर एकदम खाली येते. (म्हणजे जे 'बिनसाखरेचं' म्हणून माझ्या कागदावर पुण्यवान, तेच त्याच्या कागदावर पापी निघू शकतं.) शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे सुळे निघतात. आंब्याची कोय नको, घशात अडकते. तळलेलं, तुपातलं, खारट, मसाल्याचं नको. चालेल काय? साधा भात. उकडलेला लाल भोपळा. गाजर. बिया काढलेलं सफरचंद, पपई. केळ्याचा तुकडा. सोसत असेल तर दोन चमचे दही. कोरड्या पोळीचा चतकोर. उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, बिनमिठाची. आणि हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याचा फार तर दहावा हिस्सा. उरलेल्या त्या करड्या गोळ्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "माझ्या हातचं विष झालं."

हे वाक्य तिने रडून म्हटलं असतं तर आम्ही समजूत काढली असती. ती भाजी निवडावी तशा आवाजात म्हणाली. त्या दिवसापासून भास्कर तिच्या खुर्चीशी येऊन बसला, की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. तो आधी पदराकडे बघायचा, मग तिच्या तोंडाकडे. आठवडाभर हे चाललं. तिचं स्वतःचं जेवण अर्ध्यावर आलं. कन्येचं म्हणणं सरळ होतं: आजीने काही द्यायचं नाही, संपलं. तिचं बरोबरच होतं. बरोबर असलेल्या माणसाशी राहणं किती अवघड असतं, हे संसारी माणसांना सांगायला नको.

आणि मी मात्र त्या फ्रिजसमोर उभा राहून नको त्या विचारात पडायला लागलो. आपण दुसऱ्याला खायला घालतो, ते नेमकं कुणाच्या भुकेसाठी?

आपली मराठी भाषा या बाबतीत फार चोख आहे. देवाला आपण नैवेद्य दाखवतो, पाहुण्याला वाढतो, लहान मुलाला भरवतो, गाईला चारतो. आणि कुत्र्याला घालतो. 'घालणं' हे क्रियापद आपण खताला वापरतो, केराला वापरतो. शिळी पोळी, करपलेला भात, पाहुण्यांनी टाकलेलं, ते 'घाल कुत्र्याला'. टाकवत नाही म्हणून द्यायचं आणि वर पुण्याच्या खात्यावर जमा करायचं, असा हा एका पोळीत दोन कामं उरकण्याचा व्यवहार. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांना रस्त्यात वाटेल तिथे खायला घालायचं नाही, ठरवून दिलेल्या जागीच घालायचं, असा आदेश दिला, तेव्हा आमच्या सोसायटीत 'कुठे' या प्रश्नावर तीन सभा झाल्या. एका सभेत खुर्ची उचलली गेली. 'काय घालायचं' हा विषय मात्र एकाही सभेच्या पत्रिकेवर आला नाही. ते काय, उरलेलं!

या बाबतीत शास्त्र लिहावं ते पारशांनी. त्यांच्या 'वेंदिदाद' या धर्मग्रंथात, मेंढपाळाच्या किंवा घराच्या राखणदार कुत्र्याला फार कठीण हाड किंवा फार गरम अन्न देणं, हे मोठ्या पापांत मोजलं आहे. हाड दातांत रुतलं, घशात अडकलं, गरम घासाने जीभ पोळली, तर देणारा दोषी. आणि कुत्र्याला वाईट अन्न देणं हे मोठ्या घरच्या यजमानाच्या पानात वाईट अन्न वाढण्याइतकंच वाईट. शिजवलेल्या हाडाबद्दल आमच्या तरुण डॉक्टरांनी ३०० रुपये घेऊन सांगितलं, ते तिथे शतकानुशतकं लिहून ठेवलेलं होतं. हे लोक नुसते लिहून थांबले नाहीत. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला माणसं लावली, तेव्हा एरवी सरकारशी कधी वाकड्यात न जाणारी ही मंडळी कोटात रस्त्यावर उतरली आणि दुसऱ्या दिवशी सगळा बाजार बंद ठेवला.

आपल्याकडे नामदेवांची गोष्ट आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले: देवा, कोरडी खाऊ नका. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आता तो उजवीकडचा कागद वाचल्यावर मनात चोरासारखा विचार येतो, की तूप नको होतं. पण मग वाटतं, की त्या गोष्टीत तूप महत्त्वाचं नाहीच. नामदेव उठून धावले, ते महत्त्वाचं. आपण जागचे हलत नाही. आपण पंख्याखाली बसून कुत्र्याला पेढा देतो, कारण तो पेढा खाताना त्याची शेपटी हलते आणि ती हलताना आपल्याला बरं वाटतं. म्हणजे खाल्लं कुत्र्याने आणि तृप्त झालो आपण. आणि अपचन पुन्हा कुत्र्याला.

माझं स्वतःचं उदाहरण घ्या. आई मला अजून चोरून पेढा देते आणि मी तो चोरून खातो. दोघंही जाणून आहोत. पण तिथे निदान मी शहाणासुरता माणूस आहे. साखर वाढली तर पाप माझं, तिचं नव्हे. भास्करचं तसं नाही. त्याला काय सोसतं नि काय नाही, याचा विचार त्याने स्वतःकडे ठेवलेलाच नाही. तो आपल्याकडे सोपवून तो मोकळा झाला, हजारो वर्षांपूर्वी. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा एक निबंध आला होता. पिठूळ पदार्थ पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे आपल्या उंबऱ्याशी बसण्यासाठी या प्राण्याने पोट बदललं! आपल्या भाकरीसाठी. माझ्या माहितीत लग्नानंतर सासरच्या आमटीसाठीही कुणी इतकं केलेलं नाही. असा प्राणी आपल्या हातात काय आहे हे हुंगतो ते तपासायला नव्हे, आनंदाने हुंगतो. त्याच्यापुढे बेदाणा ठेवा, चॉकलेट ठेवा, तो खाणारच, कारण देणारे आपण आहोत.

मग त्याला 'नाही' म्हणणं हेच प्रेम? तसंही मला छातीठोक म्हणवत नाही. 'नाही' म्हणणाऱ्याला फार लवकर त्याची गोडी लागते. माझा डावीकडचा कागद ज्या उत्साहाने घरात पाळायला लावला जातो, त्यात माझ्या प्रकृतीची काळजी किती आणि मला अडवण्याचा आनंद किती, हे मी हिला विचारलेलं नाही. आईला आम्ही 'देऊ नकोस' म्हटलं, त्यातही भास्करच्या मूत्रपिंडांची काळजी होतीच. पण एक कटकट मिटली, हा सुटकेचा सुस्कारा त्यात मुळीच नव्हता, असं शपथेवर सांगवणार नाही. शहाऐंशी वर्षांच्या बाईचा देणारा हात पदराखाली बांधून ठेवल्यावर तिच्यापाशी दुसरं काय राहतं, ते आम्ही पाहिलं नाही.

मार्ग शेवटी तिनेच काढला. एके सकाळी ती फ्रिजपाशी उभी होती, भिंतीला हात धरून. म्हणाली, "ते पुन्हा वाच रे. हळू."

मी वाचलं. कांदा नाही. लसूण नाही. ती बोटं मोडत होती. मीठ नाही. तिखट नाही. उष्टं-शिळं नाही. बाहेरचं नाही.

"अरे, मग हा नैवेद्यच की!" ती म्हणाली. "नैवेद्याच्या पानात आपण मीठ वाढत नाही. कांदा-लसूण तर स्वयंपाकालाच लावत नाही. आणि फोडणीच्या आधी काढून ठेवायचं, म्हणजे उष्टावत नाही. माझे सासरे रोज वैश्वदेव करायचे. त्यांच्या बळीत कुत्र्याचा भाग वेगळा असायचा, शिजलेल्या अन्नातला पहिला. उरलेला नव्हे."

कन्या म्हणाली, "पण आजी, नैवेद्याला बेदाणे चालतात."

"चालतात."

"ते देवाला बाधत नाहीत, कारण तो खात नाही."

"खातो," आई म्हणाली. "पण तो देव आहे. हा बिचारा कुत्रा आहे."

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर एक लहान स्टीलची वाटी आली आहे. कुकर उघडला, की वरणाला फोडणी पडण्याआधी, भातावर मीठ-तूप जाण्याआधी, आई खुर्ची ओढून ओट्याशी येते आणि त्या वाटीत लिंबाएवढा भात, भोपळ्याची एक फोड, गाजराचे दोन काप काढते. एवढंच; दहावा हिस्सा म्हणजे किती, ते कन्येने वाटीला आतून रेघ मारून दाखवलं आहे. आई रेघेपर्यंत भरते. मग रेघेकडे बघते. मग कन्येकडे बघते आणि कन्या दुसरीकडे बघत असली, तर भाताचं आणखी एक शीत पडतं. अंड्याचा प्रश्न काही दिवस गाजला. या घरात अंडं आजवर आलेलं नाही. आता ते आठवड्यातून दोनदा गॅलरीत, वेगळ्या भांड्यात उकडतं आणि त्या वेळी आई देवघराकडे तोंड करून बसते. तिच्या मते ते औषध आहे, आणि औषधाला विटाळ नसतो.

वाटी गार होईपर्यंत ती भास्करला थांबवते. स्वतःचं बोट भातात घालून बघते. 'वेंदिदाद' तिने वाचलेला नाही. मग त्याला हाक मारते आणि एकेक घास हातावर घेऊन देते. यालाही 'घालणं' म्हणावं की नाही, ते मला ठरवता येत नाही. संपलं, की ती त्याला रिकामी वाटी दाखवून विचारते, "आणखी वाढू?" तो हो म्हणतो. ती नाही म्हणते. दोघांचंही समाधान झालेलं दिसतं.

परवा माझ्या रक्तदाबाचाही आकडा वर गेला आणि डावीकडच्या कागदावर, दुधाच्या हिशेबाच्या वर, 'मीठ कमी' अशी ओळ वाढली. दुपारी मी जेवायला बसलो, तर ओट्यावर एकाऐवजी दोन वाट्या. दोन्हींत भात, भोपळा, गाजर. आईने एक माझ्यापुढे सरकवली, एक हातात घेतली, आणि थांबली. आलटून-पालटून दोन्हींकडे बघू लागली.

"रेघ असलेली कुठली रे?" ती म्हणाली. "तुझी की त्याची?"